कोबोत्पाटनमीमांसा
अर्थात अंगणातील जुना कोबा काढण्याचे शास्त्र, काठी (ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार) येथील एका अंगणाच्या विशेष संदर्भासह

मराठी विद्वत्तेने किल्ले मोजले, ताम्रपट वाचले, ओव्या आणि भारुडे गोळा केली. फाटकापासून ओट्यापर्यंत गेलेला, तीन फूट रुंदीचा, मधोमध तडकलेला सिमेंटचा कोबा घरच्या घरी कसा काढावा, या प्रश्नाला मात्र तिने अद्याप हात घातलेला नाही. बांधकाम शिकवणारी महाविद्यालये तालुक्यातालुक्यात निघाली. मोडकामासाठी आपण आजही शेजाऱ्याकडून घण मागून आणतो, आणि घणाबरोबर शेजारीही येतो, सल्ल्यासकट. ही उणीव भरून काढण्याचा प्रस्तुत लेखकाचा हा नम्र, पण बऱ्यापैकी ठाम प्रयत्न.

अभ्यासक्षेत्र म्हणून काठी निवडले त्याला कारण आहे. सातपुड्याच्या कुशीतले हे गाव, जुन्या मेवासी संस्थानांपैकी एकाचे ठाणे, एरवी ओळखले जाते ते राजवाडी होळीसाठी. ही होळी १२४६ सालापासून चालत आल्याचे सांगतात. बावा आणि बुध्या झालेली माणसे अंगभर पांढरी नक्षी काढून, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून, डोक्यावर मोरपिसांचे टोप चढवून रात्रभर ढोलावर नाचतात आणि पहाटे उंच बांबूचा दांडा पेटतो. पत्रकार मंडळी दांड्याची उंची लिहून घेतात. आमच्या शास्त्राला त्या उंचीत रस नाही, खड्ड्यात आहे. एवढा बांबू उभा राहील असा खड्डा कुदळ-फावडे न लावता हातांनी कोरतात, असे गावात सांगतात. म्हणजे हत्याराविना जमीन उकरण्याची शतकानुशतकांची परंपरा ज्या गावात आहे, त्याच गावात चार इंच सिमेंट उकरायला ब्रेकर भाड्याने आणावा की नाही यावर दुपारभर वाद झाला. याहून सुपीक क्षेत्र कोणत्या अभ्यासकाला मिळेल?

प्रथम उत्पत्तीचा विचार करू. सिमेंटची कुळकथा सर्वांना ठाऊक आहे. जोसेफ अ‍ॅस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ साली 'पोर्टलंड सिमेंट'चे पेटंट घेतले. आपल्याकडे १९१४ साली पोरबंदरला कारखाना सुरू झाला. पुढे बराच काळ सिमेंट परमिटवर मिळे. लग्नाची मुलगी आणि सिमेंटचे परमिट या दोन काळज्या तेव्हाच्या बापांनी बरोबरीने वाहिल्या. १९८२ च्या जानेवारीत या महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना, बॅरिस्टर अंतुल्यांना, सिमेंट प्रकरणावरून खुर्ची सोडावी लागली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत निम्मेशिम्मे नियंत्रण उठले आणि १९८९ च्या मार्चमध्ये उरलेसुरले. ज्या भुकटीने मंत्रिमंडळ हलवले, ती आता दुकानात कोणालाही, उधारीवरसुद्धा, मिळू लागली. अंगणातल्या कोब्याचा खरा इतिहास इथून सुरू होतो.

काही विद्वान असे मानतात की कोबा हा योजनापूर्वक केला जातो. हे मत आम्हाला मान्य नाही. आमच्या पाहणीनुसार कोबा केला जात नाही, उरतो. घरकुलाचा पाया, ओटा किंवा न्हाणी बांधून झाली की दोन गोण्या शिल्लक राहतात. सातपुड्याच्या पावसाळी हवेत फुटकी गोणी ठेवली तर आतल्या आत दगड होते. म्हणजे सिमेंट घट्ट होणार हे ठरलेलेच असते. गोणीत व्हायचे की अंगणात, एवढाच प्रश्न उरतो. दिवस मावळत आलेला असतो, गवंडी हात धुवायच्या बेतात असतो आणि घरधनी म्हणतो, "दादा, दोन गोण्या उरल्यात. वाट करून टाकू?" दोरी लावत नाहीत, पातळी बघत नाहीत. उताराचे विचारले तर गवंडी म्हणतो, "उतार आपोआप पडतो." तो पडतोही, कोणत्या बाजूला, हे पहिल्या पावसात कळते.

आता थोडे गणित, कारण गणिताशिवाय शास्त्राला मान नाही. तीस फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार इंच जाड कोबा म्हणजे तीस घनफूट. एकास दोन, दोनास चार या पुस्तकी प्रमाणाने त्याला साडेपाचच्या आसपास गोण्या लागतात. उरलेल्या असतात दोन. यावरून दोनच निष्कर्ष निघतात. एक तर कोब्यात सिमेंटपेक्षा श्रद्धेचे प्रमाण जास्त आहे, किंवा तो हप्त्याहप्त्याने झाला आहे. प्रस्तुत अंगणात दोन्ही खरे निघाले.

हप्त्यांचा पुरावा थरांतून मिळतो. याच जिल्ह्यात, तापीकाठच्या प्रकाशे येथे, १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासूनचे थर उजेडात आणले. त्या पद्धतीचा अवलंब करून आम्ही या कोब्याचे तीन काळ ठरवले आहेत. ओट्यालगतचा दहाबारा फुटांचा भाग सर्वांत जुना. त्याला 'ओटा काल' म्हणावे. मधला भाग रंगाने करडा आणि जाडीने कमी. तो शौचालय बांधताना उरलेल्या मालाचा. स्वच्छ भारत अभियान २ ऑक्टोबर २०१४ चे, त्यामुळे 'शौचालय काल' त्याअलीकडचा धरायला हरकत नाही. फाटकाजवळचा तुकडा वाळूच वाळू असलेला, टाचेने उकरला तरी निघणारा. तो 'उत्तर-शौचालय काल'. ओटा कालाच्या पोटात पंचवीस पैशांचे एक नाणे मिळाले. ३० जून २०११ पासून हे नाणे चलनातून गेले. नाणे चालत असताना हरवले असते तर कोणीतरी शोधले असते, सबब ते बाद झाल्यावर पडले असावे, असा एक तर्क आम्ही मांडला. त्यावर घरातली आजी म्हणाली की तिच्या नातवाने ते गिळू नये म्हणून तिनेच ओल्या सिमेंटात दाबले होते. लोकपरंपरा आणि पुरातत्त्व यांच्यातला हा संघर्ष नवा नाही.

शिलालेखांचाही उल्लेख करायला हवा. अक्षीच्या शिलालेखाचा काळ शके ९३४ मानतात आणि त्यावर विद्वानांची हयात गेली. आमच्या कोब्यावर तीन लेख आहेत. पहिला कोंबडीचा. ती ओल्या कोब्यावरून तिरकी चालत गेली, मध्येच थबकली आणि हाकलल्यावर पळाली. पळतानाची पावले लांब अंतरावर आणि नखांनी खोल उमटली आहेत. दुसरा, लहान मुलाचा उजवा पंजा, करंगळी अस्पष्ट. तिसरा खिळ्याने कोरलेला, साल असावे असा, पण त्यातल्या शेवटच्या दोन आकड्यांवरून बरोबर तडा गेला आहे. इतिहासाला तडा नेमका जिथे वाचायचे असते तिथेच जातो, हे अभ्यासकांनी लक्षात घ्यावे. पंजाचा तुकडा शाबूत काढून ओट्याच्या कडेला ठेवला आहे. तो पंजा ज्याचा, तो मुलगा आता बारावीला आहे आणि आपला हात इतका लहान होता हे त्याला मान्य नाही.

कोबा काढायचा कशासाठी? कारण पाण्याचे आहे. घराची मागची भिंत विटांची, पण पुढच्या पडवीचा आडोसा अजून कुडाचा आहे: बांबूची वीण आणि वर माती-शेणाचा गिलावा. कुडाला वरून कितीही पाऊस लागो, कौले बघून घेतात. त्याला मारते ते खालून मुरणारे पाणी. तीन काळांच्या कोब्याने अंगणाची पातळी उचलली, ओट्याची पायरी बुटकी झाली आणि 'आपोआप पडलेला' उतार कुडाच्या दिशेने पडला. स्थापत्याची पुस्तके सांगतात, पन्नास फुटांना एक फूट, म्हणजे शेकडा दोन एवढा तरी उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला हवा. इथे तो शेकडा दोन होता, फक्त दिशा चुकली होती. गेल्या काही पावसाळ्यांत कुडाचा खालचा वीतभर गिलावा गळून आतल्या कामट्या काळ्या पडल्या.

दुसरा वादी महू. फाटकाजवळच्या महूच्या मुळांनी कोबा खालून उचलला आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २३ एप्रिल २०१३ रोजी दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. काठीच्या महूने तो आदेश न वाचता अंमलात आणला.

इथे पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो कच्चा नाही. पूर्वपक्ष आजीचा. फाल्गुन-चैत्रात महूची फुले पडतात, ती वेचून वाळवायची. मग कैऱ्या आल्या की साल काढून, फोडी करून आमचूर वाळवायचा. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यापाड्यांवर उन्हाळ्यात घरोघर चालणारे हे काम. भगर आहे, मिरची आहे. "हे सगळं सुकवायचं कुठं? डोक्यावर?" असा आजीचा थेट सवाल. कोबा तापतो, माती लागत नाही, एका झाडूत साफ होतो. उत्तरपक्षाने खळ्याचा दाखला दिला: चोपून सारवलेल्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या धान्य वाळलेच ना? नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या काय कोब्यावर पसरतात? आजीने ऐकून घेतले आणि विचारले, "सारवायचं कोणी?" यानंतर सभेत शांतता पसरली. सुना घरात निघून गेल्या, मुलगा मोबाइल बघू लागला. शेवटी तडजोड निघाली: ओट्यासमोरचा चौकोन आजीच्या सुकवणीसाठी तसाच ठेवायचा, बाकीचा काढायचा. शास्त्राला तडजोड मानवत नाही, पण शास्त्राला आमचूरही लागत नाही.

आता प्रत्यक्ष विधी. हंगाम होळीनंतरचा, मृग लागायच्या आतला. वेळ सकाळची, मे महिन्यात दहानंतर घणाचा दांडा धरवत नाही.

घण उचलण्यापूर्वी ऐकावे, हा पहिला नियम. पहारीचे टोक हलके आपटत कोब्यावरून चालत जावे. खाली माती भरीव असेल तिथे आवाज बसका येतो. पाण्याने माती वाहून गेली असेल किंवा घुशीने पोखरली असेल तिथे तो मोकळा, पोकळ येतो. सुरुवात पोकळ जागेपासून करावी. दगडाचा आवाज ऐकून त्याची शीर ओळखण्याची विद्या वडार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. तिच्यापुढे आमचे हे ठोकणे म्हणजे बालवाडी.

दुसरा नियम असा की काँक्रीटशी त्याच्या बळाच्या जागी भांडू नये. ते दाबाला भक्कम आणि ताणाला दुबळे असते. ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी. घरातल्या तरुणाला हे सांगितले, पण त्याने घण उचलला आणि कोब्याच्या बरोबर मध्यभागी हाणला. घण उसळला, त्याच्या हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या आणि कोब्यावर रुपयाएवढा पांढरा ठिपका उमटला. खालून मातीचा आधार असलेल्या लादीवर वरून मारणे म्हणजे तिला तिचे आवडते काम देणे. त्याने आणखी ठिपके उमटवले. मग काकाने त्याच्या हातून घण काढून घेतला, काही न बोलता कडेची माती टिकावाने उकरली, लादीखाली पहार सरकवली, पहारीखाली काळ्या दगडाचा टेकू दिला आणि पहारीच्या दुसऱ्या टोकावर बसला. लादी दोन बोटे उचलली. "दगड सार," एवढेच तो म्हणाला. फटीत दगड सारला, पहार काढली. लादी आता अधांतरी. वरून मार बसला की खालच्या अंगाला ताण येणार. काकाने कडेपासून वीतभर आत, फार जोर न लावता, घण टाकला. एक बारीक रेघ धावत गेली आणि लादीचे दोन तुकडे झाले. संपूर्ण कोबोत्पाटनशास्त्र या एका घावात आले. पुढची पाने विद्यार्थ्यांनी वगळली तरी चालतील.

ब्रेकरचा वाद यामुळे परस्पर मिटला. तसाही पंख्याला कुंथायला लावणाऱ्या विजेच्या दाबावर ब्रेकर किती चालला असता, ही शंका होतीच.

धुळीबद्दल मात्र चेष्टा नाही. काँक्रीटच्या बारीक धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते ती निघत नाही. म्हणून फोडताना पाणी शिंपडत राहावे, नाका-तोंडाला ओले फडके बांधावे, आणि कपच्या उडतात म्हणून डोळ्याला चष्मा लावावा. चष्मा फक्त प्रस्तुत लेखकाकडे होता आणि तो बाजेवर बसून टिपणे घेत होता.

या टिपणांत एक निरीक्षण खरोखर मोलाचे आहे. सगळा कोबा सारखा कठीण नव्हता. फाटकाकडचा भाग खपल्या निघाव्यात तसा निघाला, मधला बरा होता, पण न्हाणीच्या बाजूचा हातभर पट्टा काही केल्या हलेना. तिथे सिमेंट जास्त घातले असेल काय? घरधन्याने नाही म्हटले. मग कारण काय? सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग पावून होते. म्हणूनच नव्या कामावर निदान सात दिवस पाणी मारावे असा दंडक आहे. हा कोबा उन्हाळ्यात केला. तेव्हा पाणी हातपंपावरून बायकांच्या डोक्यावरच्या हंड्यांतून येत होते, आणि चढ चढून आणलेला हंडा जमिनीवर ओतायला सांगण्याची कोणाची छाती होणार? तेव्हा कोबा तहानलेलाच राहिला. न्हाणीजवळच्या पट्ट्याला मात्र रोजच्या आंघोळीचे पाणी मिळत गेले आणि तो वर्षानुवर्षे मुरत, पिकत राहिला. अभियंते काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांनी मोजतात. ओलावा मिळत राहिला तर ती पुढेही वाढते. सबब एखाद्या कोब्याची ताकद बघून त्या घराच्या पाण्याचे अंतर काढता येईल, असा आमचा सिद्धांत आहे. पाणीपुरवठा खात्याने त्याची दखल घ्यावी.

फुटलेल्या तुकड्यात जे दिसते तेही पाहण्यासारखे. राखाडी सिमेंटात काळी, टोकदार खडी. ही खडी दख्खनच्या लाव्ह्याची, वय सहा कोटी वर्षांहून अधिक. तिच्याभोवतीचे सिमेंट दहाबारा वर्षांचे, आणि दोघांत आधी सुटले ते सिमेंट. कोब्याखाली फिकट, दमट माती, मुंग्यांची अंडी, चपलेचा एक अंगठा आणि निळी गोटी. अंडी घेऊन मुंग्या पडवीकडे निघाल्या आणि आजीने हळद शिंपडून त्यांचा मार्ग बदलला.

कायद्याच्या बाजूने दोन शंका उपस्थित झाल्या. अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अशा क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा द्यायचा तर त्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस लागते. अंगणातून खडी निघाली, तर हे उत्खनन झाले काय? दुसरे, बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे २०१६ चे नियम दिवसाला वीस टन किंवा महिन्याला तीनशे टन कचरा करणाऱ्याला तो वेगवेगळा करून ठेवायला सांगत होते. आमचा सगळा कोबा धरला तरी वजन दोन टनांच्या आसपास. दिवसाला दहा अंगणे उखडली असती तरच शासनाने आमच्याकडे लक्ष दिले असते, ही खंत राहिली.

आकाराचे प्रमाण कळावे म्हणून एक तुलना. याच तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते आणि तिच्यावर, राज्याच्या हद्दीपलीकडे, सरदार सरोवर उभे आहे. त्या धरणात सुमारे ६८ लाख घनमीटर काँक्रीट आहे. आमचा कोबा पाऊण घनमीटरच्या थोडा वर, म्हणजे धरणाचा जवळपास ऐंशी लाखावा भाग. त्या काँक्रीटने याच तालुक्यातले मणिबेली आणि इतर गावे उठवली. काँक्रीटने माणसे हलवल्याची नोंद सरकारदरबारी ढिगाने आहे. माणसांनी काँक्रीट हलवल्याची नोंद कोणी ठेवत नाही, म्हणून ही ठेवली.

राहता राहिला राडारोडा. आजीचा राखलेला चौकोनही हिशेबात धरला तर तीस घनफुटांचा कोबा फुटल्यावर फुगतो आणि चाळीस-पंचेचाळीस घनफूट भरतो, जवळपास अर्धा ब्रास. दोन टन भागिले वीस किलोचे एक घमेले, म्हणजे शंभर घमेली. एवढे टाकायचे कुठे, यावर आम्ही एक स्वतंत्र प्रकरण योजले होते. त्याची गरज पडली नाही. ढीग फाटकाबाहेर पडायच्या आतच लोक घमेली घेऊन आले. एकाला शेळ्यांच्या कोठ्यातला चिखल भरायचा होता. एकाला दारापुढचा धसलेला रस्ता. चांगले मोठे तुकडे मात्र समोरच्या घरच्या मामाने आधीच बाजूला काढून ठेवले होते. त्याचे घरकुल मंजूर झाले आहे, पाया भरला आहे, आणि ओट्यापासून रस्त्यापर्यंत वाट करायची म्हणून खाली सोलिंगला त्याला हेच हवे होते.

"सर, तुम्ही सगळं मापलंय. एवढ्यात माझी वाट किती होईल?"

हिशेब करून सांगितला. संधी साधून सगळे शास्त्रही सांगितले: दर आठ-दहा फुटांवर सांधा सोड, सात दिवस पाणी मार, झाडापासून लांब राहा, आणि काही झाले तरी उतार भिंतीकडे येऊ देऊ नको. मामाने मान डोलावत ऐकून घेतले.

"उताराचं गवंडी बघेल," तो म्हणाला.

गवंडी कोण, ते विचारले. तोच.